बीटा-कॅटेनिन केंद्रकात, तरी गाठ साधी? लाळग्रंथीचा कर्करोग आणि पेशी जोडणारी प्रथिनं

निशिगंधा
मावशीच्या कानाखालची, पॅरोटिड लाळग्रंथीतली गाठ काढली. आधी सुईने तपासणी झाली होती तेव्हा "बेसलॉइड पेशींची गाठ, साधी की घातक ते यावरून सांगता येणार नाही" असं आलं होतं, त्यामुळे घरात सगळ्यांचा जीव टांगणीला. आता पूर्ण गाठीचा रिपोर्ट हातात आलाय. निदान: बेसल सेल अ‍ॅडेनोमा, म्हणजे साधी गाठ. इथवर सगळं छान. पण खाली आयएचसीच्या (विशिष्ट प्रथिन रंगवून दाखवणाऱ्या तपासणीच्या) ओळींमध्ये "बीटा-कॅटेनिन: केंद्रकात पॉझिटिव्ह, विखुरलेलं" असंही लिहिलंय.

मग अर्थातच शोधाशोध केली. तर जिकडेतिकडे हेच, की बीटा-कॅटेनिन पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणाऱ्या यंत्रणेतलं प्रथिन आहे आणि ते केंद्रकात जाऊन बसलं की कर्करोग. आतड्याच्या कर्करोगावर तर लेखच्या लेख सापडले. मग ही गाठ साधी कशी? दोन्हींपैकी एक काहीतरी चुकलंय का? सर्जनची भेट अजून व्हायची आहे. शिवाय या जोडणाऱ्या प्रथिनांचा लाळग्रंथीच्या कर्करोगाशी नेमका काय संबंध, तेही कुणी नीट सांगितलं तर वाचायला आवडेल.

उंटावरचा_शहाणा
पहिला प्रतिसाद माझा. विषयातलं ओ की ठो कळत नाही, पण जागा धरून ठेवतो.

रेवती_म
निशिगंधा, काळजी करू नकोस. मुख्य निदानाची ओळ काय म्हणते ते महत्त्वाचं. बाकी जाणकार सांगतीलच. वाचतेय.

सूक्ष्मदर्शी
पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणून लिहितो. स्लाइड न बघता एखाद्या रुग्णाबद्दल मत देणार नाही, पण तुमच्या प्रश्नातल्या विसंगतीबद्दल सांगता येईल. ती विसंगती नाहीच.

बीटा-कॅटेनिन दोन कामं करतं. पहिलं पेशीच्या कडेला. शेजारच्या दोन पेशींच्या आवरणांमधून ई-कॅडहेरिन नावाची प्रथिनं बाहेर डोकावतात आणि कॅल्शियमच्या उपस्थितीत एकमेकांना पकडतात. ई-कॅडहेरिनची शेपटी पेशीच्या आत असते. तिला बीटा-कॅटेनिन चिकटतं, त्याला अल्फा-कॅटेनिन आणि त्यामार्फत पेशीतला अ‍ॅक्टिनचा सांगाडा. लाळग्रंथीच्या निरोगी नलिकांवर हा स्टेन (आयएचसीचं रंगवणं) केला की प्रत्येक पेशीची कड तेवढी तपकिरी दिसते, मधलं केंद्रक निळं राहतं.

दुसरं काम निरोप पोचवण्याचं. कडेला न अडकलेलं, मोकळं बीटा-कॅटेनिन पेशी एरवी लगेच मोडून टाकते. त्यासाठी त्याच्या एका टोकावर एक छोटी खूण असते. ती ओळखली गेली की त्याची रवानगी थेट प्रोटिएसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं मोडणाऱ्या यंत्रात. त्या खुणेतच बदल झाला तर प्रथिन मोडलं जात नाही, साठत जातं, केंद्रकात शिरतं आणि वाढीची जनुकं चालू करतं.

आता मुद्द्याची गोष्ट. बेसल सेल अ‍ॅडेनोमाच्या बऱ्याच गाठींमध्ये नेमका असाच बदल सापडतो. बीटा-कॅटेनिनच्या ३५व्या जागी आयसोल्यूसिनऐवजी थ्रिओनिन येतं आणि ही जागा त्या खुणेच्या आत आहे. म्हणून केंद्रकात तपकिरी रंग दिसणं हे या साध्या गाठीचं ओळखचिन्ह मानतात. सुईच्या तपासणीत "बेसलॉइड" आलं की आमच्या डोक्यात पहिली भीती असते अ‍ॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमाची, म्हणजे लाळग्रंथीच्या एका कर्करोगाची. त्यात बीटा-कॅटेनिन बहुधा कडेलाच राहतं. तुमच्या पॅथॉलॉजिस्टने हा स्टेन केलाय तो बहुतेक त्याच कारणाने, आणि निकाल साध्या गाठीच्या बाजूने जातोय.

निशिगंधा
सूक्ष्मदर्शी, खूप खूप आभार. हा प्रतिसाद घरच्या ग्रुपवर टाकू का?

सूक्ष्मदर्शी
टाका, पण सर्जनच्या भेटीऐवजी नव्हे.

चौकसबुद्धी
माहितीपूर्ण प्रतिसाद. पण मग साधा हिशोब असा का नाही: ई-कॅडहेरिन हा डिंक. डिंक सुटला की पेशी सुट्या, सुट्या झाल्या की पसरल्या. म्हणजे प्रत्येक गाठीवर ई-कॅडहेरिनचा स्टेन करायचा, कमी दिसलं की घातक, भरपूर दिसलं की साधी. सगळ्या लाळग्रंथीच्या गाठींवर हे का करत नाहीत?

पेट्रीडिश
कारण ते चालत नाही. :) संशोधनात आहे (रुग्ण बघत नाही, पेशी वाढवते), म्हणून इथे थोडं भांडते.

डिंकाचं हे चित्र स्तनाच्या लोब्युलर कर्करोगात चपखल बसतं. तिथे ई-कॅडहेरिन खरंच नाहीसं होतं आणि पेशी एकामागे एक रांगेने ऊतीत घुसतात. तिथे तो स्टेन निदानासाठी वापरतातही. जठराच्या एका आनुवंशिक कर्करोगात ई-कॅडहेरिनचं जनुकच जन्मतः बिघडलेलं असतं. १९९८ साली न्यूझीलंडमधल्या माओरी कुटुंबांच्या अभ्यासातून ते पुढे आलं. पण या दोन गोष्टींवरून लोकांनी सगळ्याच कर्करोगांना तोच नियम लावला.

लाळग्रंथीत चित्र गढूळ आहे. अ‍ॅडेनॉइड सिस्टिकमध्ये काही अभ्यास म्हणतात की ई-कॅडहेरिन कमी असेल तर रुग्णाची पुढची वाटचाल वाईट. काहींना तसा फरक सापडत नाही. बऱ्याचदा ते पूर्ण जात नाही, नुसतं फिकट होतं किंवा कड सोडून पेशीच्या आत जातं. आणि जनुक शाबूत असतानाही त्याच्या सुरुवातीच्या भागावर मेथिल गट बसून ते बंद पडू शकतं. म्हणजे आज बंद, उद्या चालू. असल्या चंचल गोष्टीवर साधी की घातक ठरवणार?

चौकसबुद्धी
पण पसरायचं तर सुटं व्हावंच लागेल ना? जोडलेल्या पेशी फुप्फुसात कशा पोचतील?

पेट्रीडिश
घोळक्याने. :) पुष्कळ कर्करोगांत पेशी एकेकट्या न निघता हातात हात धरूनच घुसतात. २०१९ साली स्तनाच्या कर्करोगाच्या उंदरांवरच्या कामात तर उलटंच दिसलं: ई-कॅडहेरिन काढून टाकलं तेव्हा पेशी जास्त घुसखोर झाल्या खऱ्या, पण वाटेत मरायला लागल्या आणि दूरच्या अवयवांत नव्या गाठी कमी झाल्या. म्हणजे तेच प्रथिन घुसण्याला आडवं येतं आणि जगायला मदत करतं. ते स्तनाचं आहे, लाळग्रंथीला जसंच्या तसं लावू नका. पण "सुटलं की पसरलं" हे समीकरण किती कच्चं आहे ते कळतं.

उंटावरचा_शहाणा
म्हणजे एकत्र कुटुंब घरात कटकटीचं आणि प्रवासात सोयीचं. आत्ता समजलं.

रेवती_म
उंटावरचे, तुमच्या घरच्यांना हा धागा दाखवू का?

मुक्ता_२
एक भाबडा प्रश्न. कॅडहेरिनना पकडायला कॅल्शियम लागतं असं वर आलंय. मग कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्या तर पेशी घट्ट राहतील का? हसू नका.

सूक्ष्मदर्शी
हसत नाही, प्रश्न तर्काला धरून आहे. पण पेशींच्या बाहेरच्या द्रवात कॅडहेरिनला लागतं तेवढं कॅल्शियम आधीच असतं आणि रक्तातली त्याची पातळी शरीर फार काटेकोर सांभाळतं. गोळी घेऊन सांधे घट्ट होणार नाहीत. कर्करोगात अडचण कॅल्शियमची नसतेच, कॅडहेरिनच जागेवर नसतं. ज्यांना हाडांसाठी सांगितल्यात त्यांनी घ्याव्यात, या कारणासाठी नको.

कॅल्शियमचं हे गुपित प्रयोगशाळेत मात्र रोज कामाला येतं. द्रवातलं कॅल्शियम काढून घेतलं की पेशींचा थर सुटा होतो. जपानचे मासातोशी ताकेइची अशाच प्रयोगांतून कॅडहेरिनपर्यंत पोचले.

पेट्रीडिश
+१. ईडीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन) घालून बशीतल्या पेशी सोडवणं हे माझं रोजचं काम. आधी कडा उजळ होतात, मग एकेक पेशी गोल होते, मग बशीला हलकी टिचकी मारली की सगळ्या तरंगायला लागतात.

सावली
इतके दिवस नुसती वाचक होते, आज लिहिते. मला अ‍ॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा झाला होता, टाळूवरच्या छोट्या लाळग्रंथीतला. अशा ग्रंथी तोंडात आणि घशात शेकड्यांनी असतात हे मला तोवर माहीतच नव्हतं.

गाठ दुखत नव्हती. आधी गालाला नि वरच्या ओठाला एका बाजूने बधिरपणा आला, तो दाताचा समजून मी दाताच्या मागे लागले. नंतर कळलं की हा कर्करोग नसेच्या कडेकडेने सरकतो. शस्त्रक्रियेत त्यांनी नस जिथवर संशयास्पद वाटली तिथवर काढली, पुढे रेडिएशन. आता ठरावीक काळाने छातीचा स्कॅन होतो, कारण हा सावकाश वाढतो आणि फार उशिराही फुप्फुसात निघू शकतो.

माझा प्रश्न त्या नसेबद्दल आहे. माझ्या डॉक्टरांना विचारलं की नसच का, तर ते म्हणाले, "अजून पूर्ण उलगडलेलं नाही." हे जोडणाऱ्या प्रथिनांचंच काम आहे का?

रेवती_म
सावली, लिहिलंस ते बरं केलंस. तब्येतीला जप.

पेट्रीडिश
सावली, तुमच्या डॉक्टरांचं उत्तर प्रामाणिक आहे. संशयितांपैकी एक एनकॅम आहे, नसेच्या पेशींना जोडणारं प्रथिन. ते स्वतःसारख्याच प्रथिनाला चिकटतं, म्हणजे एका पेशीवरचं एनकॅम दुसऱ्या पेशीवरच्या एनकॅमला. नसेवर ते असतं. म्हणून कल्पना अशी की गाठीच्या पेशींवरही ते उगवलं तर त्यांना नसेवर पाय रोवता येईल. कल्पना सुंदर. पुरावा दोन्ही बाजूंचा. काही अभ्यासांत एनकॅम असलेल्या गाठी नसेभोवती जास्त दिसल्या, काहींत काही संबंध नाही.

माझा कल असा की चिकटणं हा अर्धाच भाग. नस स्वतः वाढीची प्रथिनं सोडते, एनजीएफ, जीडीएनएफ वगैरे. गाठीच्या पेशींवर त्यांना पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) असतील तर त्या ओढल्या जातात. म्हणजे बोलावणं वेगळं आणि पाय रोवणं वेगळं, दोन्ही लागत असणार.

शस्त्रधर
डोकं-मान विभागात शस्त्रक्रिया करतो. सावलींनी सांगितलेला बधिरपणा सगळ्यांनी लक्षात ठेवावा. पॅरोटिडच्या मधून चेहऱ्याची नस जाते. कानाखाली गाठ आणि त्याच बाजूचा चेहरा लुळा पडणं, डोळा नीट न मिटणं, हे दिसलं तर थांबायचं नाही. साधी गाठ कितीही मोठी झाली तरी सहसा नस बंद पाडत नाही, ती नुसती बाजूला सरकवते.

घाबरवण्यासाठी नाही, उलट बाजूही सांगतो. पॅरोटिडमधल्या बहुतेक गाठी साध्याच निघतात. जबड्याखालच्या ग्रंथीत हे प्रमाण साधारण निम्म्यावर येतं आणि टाळूवगैरेच्या छोट्या ग्रंथींत घातक गाठींचा वाटा आणखी वाढतो. ग्रंथी जितकी लहान तितका संशय जास्त, असं आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो.

चौकसबुद्धी
सगळं कॅडहेरिनभोवतीच चाललंय. इंटिग्रिनचं काय? पेशी नुसत्या एकमेकींना चिकटत नाहीत, खालच्या जमिनीलाही चिकटतात ना?

सूक्ष्मदर्शी
बरोबर पकडलंत. ती जमीन म्हणजे तळपटल: लॅमिनिन, चौथ्या प्रकारचं कोलॅजन वगैरेंचा पातळ थर. पेशी त्याला इंटिग्रिनने धरतात. रिचर्ड हाइन्स, एर्की रुओस्लाहती आणि टिमथी स्प्रिंगर यांना २०२२चा लास्कर पुरस्कार या इंटिग्रिनच्या शोधासाठीच मिळाला.

अ‍ॅडेनॉइड सिस्टिकमध्ये या जमिनीचा प्रकार अजब आहे. सूक्ष्मदर्शकाखाली हा कर्करोग चाळणीसारखा दिसतो (पाठ्यपुस्तकाचा शब्द, माझा नाही), पेशींच्या बेटात गोल गोल भोकं. नवखा विद्यार्थी त्यांना नलिका समजतो. पण बहुतेक भोकं खरी पोकळी नसतातच. आतला मजकूर फिकट निळसर-गुलाबी असतो. त्यावर लॅमिनिनचा किंवा चौथ्या कोलॅजनचा स्टेन केला की तो लागतो. म्हणजे तळपटलाचाच माल, गाठीच्या पेशींनी स्वतः बनवून साठवलेला. जी भिंत फोडून बाहेर पडायचं, तीच भिंत हा कर्करोग मण-मण बनवत बसतो. मला ही स्लाइड कितीदाही बघायला आवडते. रुग्णाच्या बाजूने विचार केला की अर्थात नाही.

आणि ही भोकं जाऊन पेशी भरीव गठ्ठ्यांत वाढायला लागल्या की वाईट. भरीव भाग ३० टक्क्यांच्या वर गेला की सगळ्यात वरची श्रेणी. निदान आणि श्रेणी अजून अशा रचनेवरच ठरते, एखाद्या चिकट प्रथिनावर नाही.

मुक्ता_२
मण-मण! धागा वाचनखुणेत टाकला.

पेट्रीडिश
आता जो विषय निघाला की माझं डोकं फिरतं तो काढतेच. अ‍ॅडेनॉइड सिस्टिकमधल्या ई-कॅडहेरिन, इंटिग्रिन, "पेशींचं रूपांतर" यांवरचे जुने शोधनिबंध वाचणार असाल तर आधी पद्धतीचा भाग उघडा आणि कुठल्या पेशी वापरल्यात ते बघा.

जगभर वर्षानुवर्षं याच कर्करोगाच्या म्हणून काही पेशी वाढवल्या जात होत्या. २००९ साली त्यातल्या सहांची जनुकीय ओळख तपासली. एसीसी-२, एसीसी-३ आणि एसीसी-एम या तीन निघाल्या हेला पेशी. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या, १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून घेतलेल्या! एक मूत्राशयाच्या कर्करोगाची. उरलेल्या दोन तर माणसाच्याच नव्हत्या.

म्हणजे "लाळग्रंथीच्या कर्करोगात अमुक प्रथिन दाबलं की पेशी कमी पसरतात" असं जिथे जिथे या पेशींवरून लिहिलंय, तिथे लाळग्रंथीचा संबंधच नाही.

चौकसबुद्धी
काय सांगता! आणि ते शोधनिबंध मागे घेतले का?

पेट्रीडिश
बहुतेक तसेच आहेत, आणि २००९ नंतरही त्याच पेशींवर नवे छापून आलेत. म्हणून मी आता त्या प्रश्नाच्या बाबतीत रुग्णांच्या गाठींवरच्या स्टेनवर किंवा ताज्या गाठीतून उंदरात वाढवलेल्या नमुन्यांवरच विश्वास ठेवते. या कर्करोगाची खरी खूण असलेलं मिब आणि एनएफआयबी जनुकांचं जोडकाम (दोन जनुकं तुटून एकमेकांना जोडली जाणं) पेशींत आहे का, हे आधी विचारायचं. ते नसेल तर पान उलटायचं.

उंटावरचा_शहाणा
मूत्राशयाच्या पेशी लाळग्रंथीचं नाव लावून परिषदा गाजवून आल्या. नोकरीत असे दोन-तीन साहेब मी पाहिलेत.

सावली
मी रात्र-रात्र जागून वाचलेल्या निबंधांत एसीसी-एम हे नाव होतं. आता मन खट्टू झालं, पण कळलं ते बरंच. मग या प्रथिनांवर औषध वगैरे काही आहे का?

शस्त्रधर
सावलीताई, सरळ सांगतो. लाळग्रंथीच्या कर्करोगासाठी जोडणाऱ्या प्रथिनांवर नेम धरणारं मान्य औषध आज नाही. इंटिग्रिन अडवणारं सिलेंजिटाइड मेंदूच्या ग्लिओब्लास्टोमावर मोठ्या चाचणीत वापरून पाहिलं, आयुष्य वाढलं नाही, २०१४ साली निकाल आले. इंटिग्रिन अडवणारी औषधं चालतात ती दुसरीकडे, मल्टिपल स्क्लेरोसिस किंवा आतड्याच्या दाहात.

लाळग्रंथीत खरा फायदा झाला तो जनुकांच्या जोडकामातून. सिक्रेटरी कार्सिनोमा हा प्रकार २०१० साली वेगळा ओळखला गेला. त्यात ईटीव्ही६ आणि एनटीआरके३ जोडले जातात आणि त्यावर लॅरोट्रेक्टिनिब चालतं, अमेरिकेत २०१८ पासून मान्य आहे. ते तुमच्या प्रकारावर नाही, म्हणून आशेला लावत नाही. तुमच्यासाठी स्कॅन न चुकवणं सगळ्यात मोलाचं.

निशिगंधा
मूळ प्रश्नावर परत येते. काल सर्जनना भेटलो. ते म्हणाले, गाठीभोवतीचं आवरण सलग आहे, बाहेरच्या ऊतीत घुसखोरी नाही, नसेभोवती काही नाही. रिपोर्टमध्ये "ट्युब्युलर-ट्रॅबेक्युलर" (पेशींच्या नळ्या-पट्ट्यांसारख्या रचनेचा प्रकार) लिहिलंय. मावशी आता सगळ्यांना सांगत सुटलीय की तिच्या पेशींचं केंद्रक तपकिरी आहे.

दोन शंका राहिल्या. बीटा-कॅटेनिन केंद्रकात असलेली गाठ घातक कधीच नसते का? आणि पुढे किती काळ दाखवत राहायचं?

सूक्ष्मदर्शी
असू शकते. याच गाठीचा घातक भाऊ आहे, बेसल सेल अ‍ॅडेनोकार्सिनोमा, आणि त्यातही काही वेळा केंद्रकात बीटा-कॅटेनिन दिसतं. पेशी दोन्हींत सारख्याच दिसू शकतात. फरक ठरतो घुसखोरीवर, म्हणून सुईच्या तपासणीत आम्ही ठाम बोलत नाही, पूर्ण गाठ आणि तिची कड हातात हवी. तुमच्याकडे ती बघून झालीय आणि आवरण सलग आहे.

ट्युब्युलर-ट्रॅबेक्युलर प्रकार पूर्ण निघाला असेल तर सहसा परत येत नाही. मेम्ब्रेनस नावाचा प्रकार परत येतो, एकापेक्षा जास्त ठिकाणी असू शकतो, आणि काही कुटुंबांत डोक्याच्या त्वचेवरच्या गाठींबरोबर दिसतो. तो तुमचा नाही. किती वेळा दाखवायचं ते सर्जन ठरवतील.

शस्त्रधर
आणि रिपोर्टसोबत पॅराफिन ब्लॉक (गाठीचे मेणात जतन केलेले तुकडे) कुठे आहेत ते विचारून ठेवा. पुढे कधी दुसरं मत घ्यायचं झालं किंवा मिबची तपासणी करावीशी वाटली तर स्लाइडपेक्षा ब्लॉक लागतो. बरीच ठिकाणं ठरावीक वर्षांनंतर ते टाकून देतात. सावलीताई, तुमचेही.

सावली
माझे आहेत, मागच्याच भेटीत विचारलं होतं. पेट्रीडिश, मिबचं ते जोडकाम माझ्या गाठीत तपासलं होतं का ते रिपोर्टमध्ये कुठे शोधू?

पेट्रीडिश
"फिश" (जनुकांची जागा चमकत्या रंगाने दाखवणारी तपासणी) या नावाखाली बघा, बहुतेक शेवटच्या पानावर, किंवा पुरवणी रिपोर्ट म्हणून वेगळा कागद असेल. नसेल तर झालेलीच नसेल. तुमचं निदान रचनेवरूनच स्पष्ट असेल तर ती गरजेची नव्हती.